शांततेची पाकिटं

डब्यावरचा हिरवा दिवा मिनिटाला बावीस वेळा लुकलुकत होता. मारेतनं दोनदा मोजलं. एकदा भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याबरोबर आणि एकदा स्वतःच्या मनगटावरच्या. बेटावरच्या कॅर्द्लाच्या शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईच्या लेखी एकदाच मोजलेलं मोजलेलं नसतं. बावीस. त्यात एकही कमी-जास्त नाही.

इंटरनेटवरून फोन लावणारा हा डबा खिडकीखालच्या टेबलावर होता, आणि त्याच्या शेजारी नवा पांढरा फोन. दोन्ही गोष्टी पंधरवड्यापूर्वी तिच्या मुलीनं, कॅर्तनं, राजधानीतून, टालिनहून आणून बसवल्या होत्या. जुना फोन बाहेर बोळात, कोटांच्या खुंट्यांखाली, होता तिथंच होता. एका घरात दोन फोन. मारेतच्या आईच्या, हेल्वे रेम्मेल्गासच्या, घरात दोन सुना एका चुलीवर असाव्यात तसं ते चाललं होतं: भांडण नाही, पण सगळ्यांचे कान त्यांच्याकडे.

आज ऑक्टोबरातला दुसरा रविवार आणि हेल्वेचा ऐंशीवा वाढदिवस. धुरावलेले चपटे मासे, काळा पाव, बटाट्याचं सॅलड, आणि मधोमध उर्वेनं भाजलेला वेलदोड्याचा गोड पाव, क्रिंगेल. वेणी घालून वळवलेला, हाताएवढ्या लांबीचा. एवढं सगळं मांडूनही टेबलावरची मंडळी घड्याळाकडे बघत होती. तीनला वीस मिनिटं कमी होती.

तीन वाजता समुद्रापलीकडच्या गॉटलंड बेटावरून साल्मेचा फोन येणार होता. दर रविवारी यायचा. हेल्वेची थोरली बहीण, आता चौऱ्याऐंशीची. चव्वेचाळीस सालच्या सप्टेंबरात, मॉस्कोच्या फौजा यायच्या आधी, मासेमारीच्या होडीतून पलीकडे गेली ती तिकडचीच झाली. आई आजारी म्हणून हेल्वे मागे राहिली. आता साल्मेचे गुडघे जहाजाच्या शिडीवर चढत नव्हते आणि हेल्वेचं काळीज समुद्र सोसत नव्हतं. उरला होता तो रविवार.

आणि गेले दोन रविवार नासले होते.

"आज तरी लागेल ना गं नीट?" उर्वेनं कॉफी ओतता ओतता विचारलं. ही मारेतची वहिनी, भाऊ हेल्दुरची बायको. कुणाच्या बाजूनं बोलतेय ते तिच्या आवाजावरून कधी कळायचं नाही. घरात तीस वर्षं टिकायची तिची तीच रीत होती.

"मामी, लागायला काही झालंच नव्हतं," कॅर्त म्हणाली. "दोन्ही वेळा फोन लागला होता. मधेच त्या ठेवत होत्या."

"साल्मेमावशी चव्वेचाळीस वर्षं फोन करतेय," हेल्दुर म्हणाला. "तिनं कधी मधेच ठेवला नाही. तुझा डबा आला आणि तिला ठेवायची सवय लागली. योगायोगच म्हणायचा."

हेल्दुर बोलला की टेबल थोडं हलायचं, कारण कोपर टेकून बोलायची त्याची सवय. वय अठ्ठावन्न, त्यातली छत्तीस वर्षं बेटावरच्या टेलिफोनच्या तारांवर गेलेली. हमरस्त्यापासून या दारापर्यंतचे चौदा खांब त्यानं शहात्तर साली स्वतः पुरले होते. त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक घडी केलेला कागद होता, आणि तो तिथं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. टेलिफोन कंपनीचं तिसरं पत्र. या टोकावरच्या सहा घरांची तांब्याची लाइन उतरवायची, जमिनीखालून नवी केबल टाकायची. तोवर कॅर्तचा डबा मोबाइलच्या तुटपुंज्या नेटवर चालत होता; आवाजापुरतं ते पुरायचं. पाच घरांनी उन्हाळ्यातच सह्या केल्या होत्या. सहावी सही झाल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं, आणि सहावं घर हेल्वेचं होतं. काम हेल्दुरच्या तुकडीकडे. कंपनीनं विचारलं की तो सांगायचा, "आई विचार करतेय."

आई चार महिने विचार करत होती.

"शेजारची मिल्वी परवा म्हणाली," हेल्वे पावाला लोणी लावत म्हणाली, "की तिच्या नातवाला सुट्टीत इथं राहायचंय, पण धड नेट नाही म्हणून येत नाही. मी म्हटलं, बाई, समुद्र आहे की. तर म्हणते, समुद्र त्याला बघून झालाय."

"मग सही कर ना, आजी."

"सही करीन. आधी तुझं यंत्र मला माझी बहीण देऊ दे."

कॅर्तनं डब्याकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांची ही पोर टालिनच्या एका छोट्या कंपनीत होती. इंटरनेटवरून आवाज नेणाऱ्या डब्यांच्या आत जे चालतं ते लिहिण्याचं काम. आजी टेलिफोन एक्स्चेंजवर, मामा खांबावर आणि नात संगणकावर. तिला नोकरी लागली तेव्हा हेल्वेनं गावभर सांगितलं होतं की आमच्याकडे टेलिफोनचं रक्त आहे. मारेतला वाटायचं, मधे आपण एकटीच तेवढी बिनटेलिफोनची.

"तो आवाज जातो तरी कसा, ते एकदा सांगून टाक," उर्वे म्हणाली. "वाट बघण्यापेक्षा बरं."

कॅर्तनं इकडेतिकडे पाहिलं आणि सुरी उचलली. "आजी, क्रिंगेल कापू? वाढदिवस तुझा, पहिला काप तुझा असतो, माहितीय मला."

"काप. आज तूच काप."

कॅर्तनं पातळ पातळ चकत्या पाडल्या. एकसारख्या, हात स्थिर. "हा तुझा आवाज. तू बोलतेस तेव्हा डबा त्याच्या अशा चकत्या करतो. सेकंदाला पन्नास. प्रत्येक चकती पाकिटात घालायची, पाकिटावर पत्ता आणि क्रमांक. एक, दोन, तीन. मग सोडून द्यायची. तारेवर काय असतं, मामा? एक फोन म्हणजे एक रस्ता, बोलणं संपेपर्यंत फक्त त्या दोघांचा."

"राखीव रस्ता," हेल्दुर म्हणाला. "मोटार आली काय, न आली काय. रस्ता तुझा."

"इथं रस्ता कुणाचाच नाही. एक पाकीट हेलसिंकीवरून जातं, दुसरं सरळ स्टॉकहोमला." तिनं एक चकती मारेतच्या हातून, एक हेल्दुरच्या हातून, एक स्वतः, अशा वेगवेगळ्या वाटांनी उर्वेच्या बशीकडे धाडल्या. "कधी तीन नंबरचं आधी पोहोचतं, दोनचं मागून. म्हणून पलीकडे एक छोटी थांबायची जागा असते. मामीची बशी. तिथं पाकिटं पापणी लवायच्या आत क्रमानं लावायची आणि मग कानाला द्यायची."

"आणि हे?" हेल्दुरनं आपल्या हातातली चकती खाल्ली. "हरवलं."

"हरवतातच. मग आजूबाजूच्या दोन चकत्या बघून मधली कशी असेल ते ठरवतात आणि भोक बुजवतात. एखादं हरवलं तर कानाला कळत नाही."

"म्हणजे अंदाजानं बोलतं." हेल्दुर बायकोकडे वळला. "ऐकलंस? आई जे बोललीच नाही ते साल्मेमावशीला ऐकू जाणार."

"एक पन्नासांश सेकंद, मामा. तेवढ्यात आजी काय बोलणार?"

"माझ्या आईला तू ओळखत नाहीस."

हेल्वे हसली. तेवढ्यात नवा फोन वाजला. तीनला एक मिनिट कमी होतं. साल्मेचं घड्याळ नेहमीच एक मिनिट पुढं असायचं.

हेल्वेनं एप्रन काढला, केस नीट केले आणि मग रिसीव्हर उचलला. कॅर्त खिडकीशी उभी राहिली. मारेत टेबलाच्या कोपऱ्याशी बसली होती; डबा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. दिवा आता लुकलुकत नव्हता, थरथरत होता, मोजता येऊ नये इतका भराभर.

"हो, मीच. हो, ऐंशी. नाही, वाटत नाही. तुला वाटलं होतं का चार वर्षांपूर्वी?" मग तिकडचं बराच वेळ ऐकणं. "उर्वेनं भाजलाय. हो, मनुके जास्त घातलेत." उर्वेनं मान वर केली. "हेल्दुर आहे, मारेत आहे, पोरगी आहे. वारा वायव्येचा. तुझ्याकडे?"

चार-पाच मिनिटं असं चाललं. मग दोघींचं बोलून झालं आणि दोघी गप्प झाल्या.

हे घरातल्या सगळ्यांना सवयीचं होतं. खरा रविवार इथून सुरू व्हायचा. हेल्वे रिसीव्हर कान आणि खांद्यात धरायची आणि विणकाम घ्यायची. तिकडे साल्मेही विणत असायची. अर्धा अर्धा तास एक शब्द नाही. लहानपणी कॅर्तला वाटायचं, फोन असाच वापरतात.

विणकामाच्या सुया चालू झाल्या. घरात कुणी हललं नाही. मारेतची नजर सवयीनं दिव्यावर गेली आणि तिथंच थांबली. दिवा थरथरायचा थांबला होता. तो लुकलुकत होता. तिनं मनात मोजायला घेतलं.

चाळीसेक सेकंदांनी हेल्वेच्या सुया थांबल्या. "साल्मे?" मग पुन्हा, "साल्मे." तिनं रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच खाली ठेवला.

"ठेवला तिनं," ती म्हणाली.

मिनिटभरात बोळातला जुना फोन खणखणला. हेल्वे उठून गेली. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. "मी कुठं ठेवला? तू ठेवलास... काही झालं नाहीये मला, सगळे इथंच आहेत... नाही पडले... रडतेस कशाला, वेडे. मी उभी आहे. आता खुर्ची ओढून बसले. हं. हं. बस तूही."

आणि मग बोळात शांतता पसरली, चांगली पंचवीस मिनिटांची. सुयांचा आवाज तेवढा येत राहिला.

हेल्दुरनं दुसरा काप घेतला. तो काही बोलला नाही, पण न बोलण्यातही माणसाला मिरवता येतं. शेवटी त्यालाच राहवलं नाही. "तांबं न्यायनिवाडा करत नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "जे आलं ते पुढं. बोललात तर बोलणं, शिंकलात तर शिंक. शिवाय तारेत सतत वीज असते; कानाला ती बारीक घरघर लागते. माणूस गप्प असला तरी कळतं, पलीकडं कुणीतरी आहे. त्या जानेवारीच्या वादळात आठ दिवस दिवे नव्हते या टोकाला. फोन चालू होता. तुझा डबा चालला असता?"

"बॅटरी ठेवली तर एक दिवस," कॅर्त म्हणाली.

"आठ दिवस."

"मामा, तुझं खरं आहे. पण तुझे खांब सडलेत, हेही खरं आहे. तूच सांगितलंस मला. नववा आणि बारावा दोरानं बांधून ठेवलाय तू. कंपनीला न सांगता."

हेल्दुरचे कान लाल झाले. उर्वे बशा गोळा करू लागली.

"ती ठेवते कशाला, तेच कळत नाही," कॅर्त आईकडे वळली. "दोन आठवडे नोंदी बघतेय मी. एकही पाकीट वाटेत हरवलेलं नाही. जेवढी निघाली तेवढी पोहोचली. याहून चांगला फोन लागत नाही, आई. आणि तरी ती पलीकडे रडते."

मारेत घाईनं बोलणारी बाई नव्हती. तिनं आधी मनात वाक्य तपासून घेतलं. "किती निघाली?"

"म्हणजे?"

"निघाली तेवढी पोहोचली, म्हणतेस. निघाली किती? त्या गप्प झाल्यावर दिवा मिनिटाला चोवीस वेळा लुकलुकला. फोन बंद असतो तेव्हा बावीस. बोलताना मोजताच येत नाही." तिनं रिकामी बशी पुढं सरकवली, त्यात क्रिंगेलचा चुराही नव्हता. "पाव नसेल तेव्हा तू पाकिटात काय घालतेस?"

कॅर्तनं बशीकडे पाहिलं. मारेतला मुलीचा तो चेहरा माहीत होता. सातवीत गणित चुकलेलं सापडलं की असाच व्हायचा, आधी पांढरा आणि मग गुलाबी.

"काहीच नाही," कॅर्त म्हणाली. "पाकीटच करत नाही. आवाज एका पातळीच्या खाली गेला की पाठवणं थांबतं. माणूस बोलतो त्यातला निम्मा वेळ गप्प असतो, मग ती पाकिटं कशाला न्यायची? पलीकडच्या यंत्रानं त्या जागी हलकी कृत्रिम खरखर वाजवायची असते, म्हणजे लाइन मेल्यासारखी वाटत नाही. मधल्या कुठल्यातरी यंत्रात ती वाजत नसणार. तिकडं ठार शांतता. विहिरीत कान घातल्यासारखी."

"कुणाचं डोकं हे?" हेल्दुरनं विचारलं.

कॅर्तनं रिकामी बशी परत सरकवली. "माझं. तो भाग मी लिहिलाय. दोन वर्षांपूर्वी. त्याबद्दल मला बढती मिळाली." ती खुर्चीवर बसली. "चाचणीला आम्ही रेडिओवरच्या चर्चा वापरल्या. सगळ्यात लांब शांतता सहा सेकंदांची होती. सहा सेकंदांच्या पुढं कुणी गप्प बसेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्या मनात यायला हवं होतं. मी याच घरात वाढलेय."

हेल्वे दारात येऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. विणकाम काखेत.

"सदुसष्ट साली," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी मान वळवली. ही गोष्ट ठाऊक नव्हती असं नाही. पण ती सांगायची ती हेल्वेनंच. "पाच आठवडे आधी नाव नोंदवलं होतं. एक्स्चेंजवर मी स्वतः कामाला, तरी पाच आठवडे. कॉल जाणार मॉस्कोवरून. तीन मिनिटं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज. मी म्हटलं, आई गेली, मार्चमध्ये. ती म्हणाली, बरं. मग पुढं काय बोलणार? आणि बोललं तर कितीजण ऐकतायत, देव जाणे. दोघी गप्प. तर मॉस्कोच्या एक्स्चेंजवरची बाई मधे आली. बोलताय का? बोलत नसाल तर तोडते."

ती आत येऊन बसली.

"मी म्हटलं, बोलतोय. पुन्हा एक मिनिटानं तेच. बोलतोय, म्हटलं. तीन मिनिटं अशी बोललो आम्ही." तिनं डब्याकडे बोट केलं. "हे तुझं यंत्र म्हणजे ती बाई आहे, कॅर्त. फरक इतकाच की ती निदान विचारायची."

हेल्दुर हसला नाही. मारेतनं ते टिपलं.

"मी अडतीस वर्षं बोर्डावर बसले," हेल्वे पुढं म्हणाली. "नियम होता: आवाज नसेल तर दोनदा विचारायचं आणि प्लग काढायचा. मी एकदाही काढला नाही. दोन माणसं तारेच्या दोन टोकांना गप्प असतील तर काम चालू आहे, असं समजायचं. साहेब ओरडायचा. मी म्हणायचे, साहेब, तुम्ही नवीन आहात."

"आजी," कॅर्त म्हणाली, "पाच मिनिटं दे."

तिनं संगणक मांडीवर घेतला. डब्याच्या आत शिरून तिनं काय केलं ते मारेतला खांद्यावरून दिसत होतं: एक खूण काढली, एक आकडा शून्य केला. दोन वर्षांचं काम एका बोटानं बंद झालं. मुलीचा हात त्या क्षणी अडखळला नाही, याचं मारेतला मनातून बरं वाटलं; चूक सापडल्यावर हात अडखळू नये, एवढंच ती पोरांना शिकवत आली होती.

"आता शांततासुद्धा जाईल. सेकंदाला पन्नास पाकिटं, त्यात काही असो नसो."

"असं तू म्हणतेस," हेल्दुर उठला. "लाव माझ्या मोबाइलवर. मी बाहेर जाऊन ऐकतो. कुणी बोलायचं नाही."

"तू ऐकणार?" उर्वे म्हणाली. "तुला बायको हाक मारते ते ऐकू येत नाही."

"तारेतलं ऐकू येतं."

तो कोट अडकवून मासे धुरावायच्या खोपटापाशी गेला. पांढऱ्या फोनचा रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि सगळ्या बायका हात बांधून बसल्या. दिवा थरथरत होता. खिडकीतून हेल्दुर दिसत होता: पाठ वाऱ्याकडे, एक कान बोटानं बंद, मान कलती. लाइन तपासताना खांबाच्या टोकावर तो असाच दिसायचा. मारेतच्या मनात आलं, खोटं बोलायचं असेल तर याच्याइतकी सोपी संधी कुणाला मिळणार नाही. ऐकू आलं नाही, एवढं म्हणायचं. चौदा खांब उभे राहतील, निदान हा हिवाळा तरी.

सहा मिनिटांनी तो आत आला. कोट काढला, नीट खुंटीला लावला.

"घड्याळ ऐकू येतं," तो म्हणाला. "आईची खुर्ची करकरते ते येतं. मधे कुणीतरी नाक ओढलं."

"मी," कॅर्त म्हणाली.

"तांब्यावर घड्याळ इतकं स्वच्छ यायचं नाही." त्यानं खाली बघत बाह्या सारख्या केल्या. "मला आवडलं असं नाही. पण आहे ते आहे."

"मामा..."

"बॅटरी मोठी बसव. आठ दिवसांची. कुठं मिळते ते मी बघतो, जोडणी मी करीन. तू त्यात हात घालायचा नाहीस, तुला बॅटरीतलं कळत नाही."

"नाही कळत," कॅर्तनं लगेच मान्य केलं.

उर्वेनं नवऱ्यापुढं कॉफीचा कप ठेवला, त्यानं मागितला नसताना. मारेतच्या लक्षात आलं की हेल्दुर आता टेबलाच्या कॅर्तकडच्या बाजूला बसलाय. आईची बाजू रिकामी होती. हेल्वेला तेही दिसलं असणार. तिला बोर्डावरचे साठ दिवे एका नजरेत दिसायचे.

"लाव," हेल्वे म्हणाली.

कॅर्तनं नंबर फिरवला आणि रिसीव्हर आजीच्या हातात दिला.

"साल्मे, मीच. पुन्हा, हो. नव्या फोनवरून. नाही, ठेवू नकोस. नातीनं काहीतरी केलंय. आपण बसू." थोडं थांबून, "नाही, काही सांगायचं नाहीये. तेच तर बघायचंय."

सुया सुरू झाल्या.

पहिल्या मिनिटाला कॅर्तनं नखं तोंडात घातली. मारेतनं तिचा हात धरून मांडीवर ठेवला आणि तो तसाच धरून ठेवला. चाळीस सेकंदांची ती जागा आली आणि गेली. दोन मिनिटं. चार. हेल्दुर टेबलावरच्या डागाकडे बघत होता. दिव्याचं थरथरणं एकसारखं चाललं होतं. या घरातलं काहीच-नसणं चकत्या होऊन, क्रमांक लावून, कुठून कुठून समुद्र ओलांडून जात होतं, आणि पलीकडं एका म्हातारीच्या कानात पुन्हा एकत्र होत होतं. मारेतला आकडेमोड सुचली. सेकंदाला पन्नास, मिनिटाला तीन हजार. आठ मिनिटं झाली तेव्हा चोवीस हजार पाकिटं गेली होती, एकाही शब्दाशिवाय. तिनं आयुष्यात मोजलेल्या गोष्टींत ही तिला फार आवडली. आणि हे जे जात होतं त्याची वाट तिच्या मुलीनं आत्ता, तिच्यासमोर, मोकळी केली होती.

उर्वे पाय न वाजवता उठली आणि चुलीत एक लाकूड सारून आली.

अकराव्या मिनिटाला हेल्वे ऐकता ऐकता सरळ बसली. तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"काय म्हणाली?" हेल्दुरनं खुणेनं विचारलं.

हेल्वेनं रिसीव्हरवर हात ठेवला. "म्हणते, चुलीत ओलं लाकूड कुणी घातलं. चरचरतंय म्हणे." मग रिसीव्हरमध्ये: "उर्वेनं. हो, बर्च. सांगते तिला." परत हात ठेवून: "म्हणते, बर्च दोन उन्हाळे वाळवावं लागतं."

"माहितीय मला," उर्वे म्हणाली. पण ती हसत होती, आणि या वेळी ती कुणाच्या बाजूनं आहे ते आवाजावरून कळत होतं.

कॅर्त उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. या घरात तेवढी रीत होती. हेल्वे मात्र बघत होती. एक्स्चेंजवर नवीन मुलगी पहिल्यांदा एकटीनं बोर्ड सांभाळते तेव्हा बघत असेल तशी, अंगावर न येता, पण काहीही न सोडता.

"साल्मे, थांब हं," ती म्हणाली. "धरून ठेव."

तिनं रिसीव्हर मांडीवर ठेवला, बंद न करता. हेल्दुरपुढं हात पसरला. त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्यानं खिशातला कागद काढला. घड्यांवर तो झिजून गेला होता. हेल्वेनं तो टेबलावर सपाट केला, कॅर्तच्या कामाचं पेन घेतलं, आणि सही करण्याआधी मान वर करून मुलाकडे पाहिलं.

"मंगळवारी तार उतरव, हेल्दुर. आणि शेवटच्या खांबावर तूच चढ. दुसऱ्या कुणाला चढू देऊ नकोस."